शेपटी दिसली नव्हती

वन्सं,

रविवारी तुमचं तेरावं झालं. माणसं जेवून गेल्यावर दौलताबादच्या तुमच्या ओसरीवर आम्ही चौघं उरलो. तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, तुमच्या शाळेतले फारूक सर, शेजारचे ऊसवाले भानुदास, आणि मी. मध्ये सतरंजीवर टाइप केलेला एक अर्ज होता. त्याच्यावर माझी सही हवी होती. मी ती केली नाही. पुढं काय काय झालं ते मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यात मीठमसाला पडेल, आणि तो तुम्हाला कधी चालला नाही.

अर्ज खदानीविरुद्धचा होता. तुमच्या सीताफळाच्या बागेमागचं टेकाड फोडून मुरूम काढायची परवानगी एका ठेकेदारानं मागितली आहे. हरकती घ्यायची मुदत संपत आली होती. तुम्ही स्वतःच लिहायला बसणार होतात, तेवढ्यात दवाखाना लागला. म्हणून फारूक सरांनी हरकत लिहून आणली. सरांची भाषा तुम्हाला ठाऊकच आहे, चांगली असते. पहिलं वाक्य असं होतं: 'सदर टेकडीवर कै. सुमतीबाई यांनी आपल्या भावजयीसह शशकर्ण हे अत्यंत दुर्मीळ जंगली मांजर प्रत्यक्ष पाहिले आहे.'

मी 'भावजयीसह' वर बोट ठेवलं.

"सर, मी नव्हते तिथं."

"मालूम है, भाभी. पन आपा तो थे ना?" फारूक सर म्हणाले. "आपा ने देखे बोले तो देखे. झूट बोलते थे क्या वो?"

"खोटं कधीच बोलल्या नाहीत. पण मी नव्हते."

हे म्हणाले, "शोभा, अगं आत्ता कुठं तेरावं होतंय तिचं. मन राखायला तुझं काय जातंय?"

काय जातंय! वन्सं, हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या घरात मी पंचवीस वर्षं संसार केला. माझं काय जातंय हे त्यांना अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं असतं. तुम्ही तो कागद फाडला असतात की हसत सहीला पुढं केला असतात, हे मात्र मला आजही छातीठोक सांगता येत नाही. त्या शशकर्णावर तुमचा फार जीव होता.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्हाला 'वन्सं' म्हणायला मला आईनं शिकवलं होतं आणि तुम्हाला भ्यायला सासूबाईंनी. थोरली नणंद, शाळामास्तरीण, लग्न केलेलं नाही, स्वतःची बाग स्वतः बघते, पोरांना अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी रडवते. पहिल्या दिवाळीला आम्ही तुमच्याकडे आलो. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "शोभा, पोळ्या राहू दे. चल माझ्यासंगं. बांगड्या वर सार."

मला वाटलं मार खायचा आहे.

तुम्ही मला बागेमागं नेलंत. खताचं रिकामं पोतं अंथरलंत. माझ्या बांगड्यांवर तुमचा रुमाल बांधलात, वाजू नयेत म्हणून. "इथं बस. लई हलू नको. त्या दोन दगडांच्या मधे बघ." मी बघत बसले. डास चावत होते. उजेड कमी होत गेला, आणि दगडांच्या फटीतून काहीतरी बाहेर आलं. मला आधी खार वाटली. मग ती बसली आणि तिनं आमच्याकडं तोंड केलं. तेवढ्याशा तोंडावर केवढे ते डोळे! कपाळावर पांढऱ्या रेघा, अंगावर गंजलेल्या लोखंडासारखे ठिपके. घरातल्या मांजराच्या निम्मीसुद्धा नव्हती. साखरेचा पुडा उचलावा तशी एका हातात उचलता आली असती. ती एका बेडकामागं गवतात गेली आणि संपलं.

मी बोलायला तोंड उघडलं तर तुम्ही माझ्या मांडीवर हात दाबलात. घराच्या वाटेला लागल्यावर म्हणालात, "आता तू सांग. काय पाहिलं? आधी तू."

मी सांगितलं. मग तुम्ही सांगितलंत. दोन्ही जुळलं, तेव्हा म्हणालात, "वाघाटी म्हणतात हिला. जगातल्या सगळ्यात छोट्या मांजरांतली एक. आता पाहिली म्हणायचं."

ही तुमची पद्धत. दोघींनी वेगवेगळं सांगायचं, एकीनं दुसरीचं ऐकायच्या आधी, आणि मग ताडून बघायचं. जुळलं तर पाहिलं, नाही जुळलं तर नाही पाहिलं. माझा जन्म हिशेबखात्यात गेला. आमच्याकडं रोकड अशीच मोजतात. कॅशिअर मोजतो, मग मी मोजते, मग आकडे एकमेकांना दाखवतो. त्या संध्याकाळी मला वाटलं, या घरात माझ्या भाषेत बोलणारं एक माणूस आहे. तुमची भीती तिथंच संपली.

त्यानंतर दर शनिवारी मी आमच्या हर्सूलच्या घरून येत राहिले. लोक काय काय बोलले! सासूबाई म्हणायच्या, "घरात भांडायची लाज वाटते म्हणून ह्या रानात जाऊन भांडतात." आणि एकदा बसस्टँडवर तुमच्या एका मैत्रिणीनं मला विचारलं, "खरंच मांजर बघायला जाता का गं?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग आमच्या घरी ये की, तीन आहेत."

ऊसतोडीचा तो दिवस आठवतो का? भानुदासांच्या शेतात तोड चालू होती. कुणीतरी ओरडलं, "बिबट्याची पिल्लं!" आणि निम्मं गाव फडात शिरलं. दोन पिल्लं होती, मुठीत मावतील एवढी. लोक फोन काढून फोटो घेत होते. एक जण म्हणत होता, मादी येईल, आत्ताच मारून टाका. दुसरा म्हणत होता, शहरात नेऊन द्या, बक्षीस मिळतं. आपल्याकडं हे दरवर्षी होतं. उसात ठिपक्यांचं काही दिसलं की तो बिबट्या. वाघाटी त्याच उसात पिल्लं घालते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तिची पिल्लं अशी घाबरलेल्या माणसांच्या हातात मरतात, नाहीतर चांगल्या मनाच्या माणसांच्या पिशवीत मरतात.

तुम्ही छत्री घेऊन आलात. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री माणसांसाठी होती. "व्हय का रे, बिबट्या हाय का? बिबट्याचं पिल्लू तुझ्या मुठीत मावंल का? कोणत्या शाळेत होतास? माझ्याच? मग माझीच चूक." मारून टाका म्हणणारा मागं सरकला. भानुदासांनी पिल्लं टोपलीत ठेवली. तोडलेल्या उसाच्या कडेला, जिथं सापडली तिथंच, तुम्ही टोपली आडवी ठेवायला लावलीत आणि सगळ्यांना घालवून दिलंत. आपण दोघी बांधाआड बसलो.

अंधार पडता पडता ती आली. टोपलीभोवती फिरली. एक पिल्लू मानेला धरून नेलं. आणि मग येईना. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तुम्ही कुजबुजलात, "आई हाय. हिशेब चुकत नसती." आणि ती आली, दुसरं घेऊन गेली.

त्या रात्री वाटेत आपण काहीच ताडून पाहिलं नाही. गरज नव्हती.

आणि मग तो मार्च. मार्चअखेर असल्यामुळं मी कार्यालयात अडकले होते, त्या शनिवारी आले नाही. तुम्ही एकट्या गेलात. घरी पोचायच्या आत तुमचा फोन.

"शोभा, स्याहगोश!"

हा शब्द तुम्ही फारूक सरांकडून घेतलेला. काळ्या कानांचा, म्हणून स्याहगोश. आपल्याकडं शशकर्ण म्हणतात. आपल्या भागात एके काळी होता म्हणतात, आता कुणी पाहिला म्हटलं तर तज्ज्ञ लोकसुद्धा खुर्चीत नीट बसतात. मी फोनवर काय म्हणाले ते तुम्ही नंतर किती वेळा माझ्यासमोर वाचून दाखवल्यासारखं म्हटलंत!

मी म्हणाले, "शेपटी?"

"अगं कान पाहिले ना. हे एवढाले काळे, टोकाला केसांचे झुपके. पाय लांब. रंग विटकरी."

"रानमांजराच्याही कानाला थोडे केस असतात. पायही लांब असतात. आणि संध्याकाळच्या उन्हात सगळंच विटकरी दिसतं. शेपटीवर काळी कडी होती का?"

"रानमांजर मी काय थोडं पाहिलंय? मला शिकवू नको."

"कडी असली तर रानमांजर, नसली तर शशकर्ण. हे तुम्हीच मला शिकवलं. होती का?"

तुम्ही थांबलात. तुम्ही थांबलात म्हणून तर मी तुम्हाला मानते, वन्सं. दुसरं कुणीही 'नव्हती' म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "शेपटी गवतात होती. दिसली नाही."

"मग झालं तर."

तुम्ही फोन ठेवलात. पुढं किती तरी दिवस आपलं बोलणं यांच्यामार्फत चाललं. "तुझ्या बायकोला सांग, नणंदेच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिक." "तुमच्या बहिणीला सांगा, नियम त्यांचाच आहे." यांचं डोकं उठलं. एकदा ते म्हणाले, "अरे, त्या मांजराला माहीत तरी आहे का, इथं काय चाललंय?"

मग तुम्ही निरोप धाडलात की शनिवारी ये, वाघाटीला पिल्लं आहेत. मी आले. पण वाद काही संपला नाही. दरवर्षी मार्चमध्ये तो आंब्याच्या मोहरासारखा यायचा. तुम्ही त्याच बांधावर, त्याच दिशेला तोंड करून बसायचात आणि म्हणायचात, "तिथून आला, असा. त्या हिवराच्या झाडाखालून." मी म्हणायची, "येऊ द्या परत." तो परत आला नाही.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. तुम्ही डोळे मिटून होतात. मला वाटलं झोप लागली आहे. तेवढ्यात म्हणालात, "शोभा, आता तरी मान."

मी म्हणाले, "बऱ्या व्हा. दोघी जाऊन बघू, मग मानते."

"लई हट्टी हायेस," तुम्ही म्हणालात. आणि पाणी मागितलंत.

हे म्हणतात, त्या वेळी हो म्हटलं असतंस तर ती सुखानं गेली असती. मला ते पटत नाही, आणि पटवून घ्यायची इच्छाही नाही. मी हो म्हटलं असतं तर तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं असतं. आपण वाचत नाही हे तुम्हाला त्या 'हो'वरून कळलं असतं. ज्या बाईनं घरचा म्हणून माझ्या मुलाचा अर्धा मार्क जास्तच कापला, तिला मी आजारी म्हणून सूट द्यायची? मी ती दिली नाही याचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे की तुम्ही बऱ्या झाला नाहीत.

तर, ओसरीवर. फारूक सर मला समजावत होते.

"भाभी, वाघाटी बोले तो लोगां हँसते. बोलते, बिल्ली है. शशकर्ण बोले तो पुना से अफसर आते, पेपर में आता. पहाड़ बचता. आपा को और क्या होना था?"

भानुदास म्हणाले, "वैनी, येका सहीचा तर सवाल हाय. खदान झाली तर माझ्या उसावर धुरळा, इहिरीला सुरुंगाचा धक्का. मेलेल्या माणसाला कोण इचारायला जातंय?"

"मेलेल्याला नाही, मला विचारतील," मी म्हटलं. "सुनावणीत त्यांचा वकील उभा राहील आणि म्हणेल, बाई, शेपटी कशी होती? मी काय सांगू?"

"सांगा, लांब व्हती."

"आणि मग तो पुस्तक काढून दाखवील की शशकर्णाची शेपटी आखूड असते."

हे हसले. सगळ्या दुपारभरात तेवढंच हसू.

"भानुदास," मी म्हटलं, "वाघाटी आम्ही दोघींनी पाहिली आहे, वर्षानुवर्षं. ती खरी आहे. कायद्यात तिला वाघाइतकंच वरचं संरक्षण आहे, लोक हसले म्हणून ते कमी होत नाही. पण तिच्या डोक्यावर एक न पाहिलेलं जनावर बसवलं आणि ते खाली पडलं, तर ही त्याच्याखाली चिरडेल. मग लोक म्हणतील, शशकर्ण खोटा निघाला तसं हेही खोटं. आणि वन्संही खोट्या. ते मी होऊ देणार नाही. टेकाड गेलं तरी चालेल असं मी म्हणत नाही. टेकाडही जाऊ देणार नाही."

माझा आवाज चढला होता. आतून धाकट्या जाऊबाई डोकावून गेल्या.

फारूक सर म्हणाले, "आपा होते तो तुमकू माफ नहीं करते."

"नकोत करू," मी म्हटलं. "आत्तापर्यंत तरी कुठं केलंय?"

मग भानुदासांनी आपले दोन्ही तळवे समोर धरून पाहिले, जसे काही पहिल्यांदाच दिसत होते. म्हणाले, "पिल्लं म्या उचलली व्हती. ह्या हातानं. ती तर खरी हायेत ना?"

"खरी आहेत."

"मंग ते लिवा. माझं नाव घाला. फडमालक म्हणून."

वन्सं, तुम्ही किती वर्षं त्यांच्या मागं लागला होतात, की हे लिहून द्या! दरवेळी ते नाय म्हणायचे. वनखात्याचे लोक येतील, ऊस तोडू देणार नाहीत, ही त्यांची धास्ती. तुमच्या आग्रहानं जे झालं नाही ते त्या दिवशी झालं. का झालं ते मी त्यांना विचारलं नाही. सगळ्यांसमोर एक खोटं बाजूला काढून ठेवलं, तेव्हा खरं सांगायला त्यांना जागा दिसली असावी.

फारूक सर उठून मोरीवर गेले. बराच वेळ चूळ भरल्याचा आवाज येत होता. परत आले, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि पहिल्या वाक्यावर आडवी रेघ मारली. एकच, सरळ. "लिखो," म्हणाले. "पन वाघाटी ऐसी लिखो के पढनेवाला उठ के बैठना." मी सांगत गेले, ते लिहीत गेले. आपण दोघींनी जे जे ताडून पाहिलं होतं तेवढंच. उसातली दोन पिल्लं भानुदासांच्या तोंडून घातली. तुमचं नाव आहे, माझं आहे, भानुदासांचं आहे, सरांचं आहे. शशकर्ण नाही.

सोमवारी मी कचेरीत अर्ज द्यायला गेले. खिडकीवरच्या माणसानं वाचलं आणि म्हणाला, "मांजर? मावशी, आमच्या गल्लीत पण लई हायेत, घेऊन जा."

मी म्हटलं, "तुमच्या गल्लीत खदान निघाली की मी तिथंही येईन. आधी शिक्का मारा."

त्यानं मारला. तारीख पुसट उठली होती, मी परत मारायला लावली.

आता सुनावणी व्हायची आहे. आपण जिंकू असं मी सांगत नाही, कारण ते मला माहीत नाही. ठेकेदाराचा माणूस एकदा घरी येऊन गेला. यांना म्हणाला, "साहेब, वहिनींना सांगा, त्या माळावर काय ठेवलंय?" यांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "तिलाच सांगा. मी आयुष्यभर मधे निरोप्या होतो, आता रिटायर झालोय." मला त्या दिवशी यांचं बरं वाटलं. तुमचेच भाऊ शेवटी.

मधल्या शनिवारी मी टेकाडावर गेले. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं. तुमच्या जागेवर बसले नाही, माझ्याच जागेवर बसले. उजेड उतरत आला तशी ती आली. त्याच दोन दगडांच्या मधून. अंग चाटलं, कान टवकारले, एका सरड्यावर झडप घातली, चुकली, आणि कुणी पाहिलं तर नाही ना अशा थाटात निघून गेली. मला इतकं हसू आलं, वन्सं.

उठून वाटेला लागले. तोंडाशी सगळं आलं होतं. कुठल्या बाजूनं आली, शेपटी कशी धरली होती, झडप कुठं चुकली. बागेपर्यंत आले आणि 'आधी तू सांग' म्हणणारं कुणी नव्हतं. कुंपणाचा खांब धरून मी तिथंच उभी राहिले. तेराव्याला नाही रडले, तेव्हा रडले.

पण नियम तो नियम. एकटीनं पाहिलेलं आपण धरत नाही. तुमचा शशकर्ण मी धरला नाही, तर माझी ही वाघाटीही धरता येणार नाही. सुनावणीत साहेब विचारतील, बाई, तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? मी या शनिवारचं सांगणार नाही. तुम्ही माझ्या शेजारी पोत्यावर शेवटच्या बसला होतात, ती संध्याकाळ सांगणार आहे.

तुमची,
शोभा